टारचा बॅकअप उलगडत नाही तेव्हा

भोसरीतल्या वर्कशॉपचा बिलिंग सर्व्हर असो की सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसातलं लिनक्स मशीन, टारची (अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामची) फाइल उलगडत नसेल तर आधी तिची एक प्रत काढा. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच. एकुलत्या एक बॅकअपला हात लावू नका.

मग 'फाइल' ही कमांड चालवा, ती फाइलचा खरा प्रकार सांगते. नावात जीझेड आहे म्हणून आत जीझिप (फाइल दाबून लहान करायचा प्रकार) असेलच असं नाही. 'नॉट इन जीझिप फॉरमॅट' असा एरर आला, तर ती बरेचदा साधी, न दाबलेली टार किंवा एक्सझेड या दुसऱ्या प्रकाराने दाबलेली निघते. कधी तर डाउनलोडच्या जागी लॉगिनचं वेबपेजच सेव्ह झालेलं असतं.

जीझिपच असेल तर जीझिपला टी पर्याय देऊन तपासा. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' म्हणजे फाइल अर्धवट आहे: डिस्क भरली, वीज गेली किंवा कॉपी मध्येच तुटली. पेनड्राइव्हवर ती ४ जीबीला येऊन थांबली असेल तर कारण फॅट३२ ही पेनड्राइव्हची फाइल साठवायची पद्धत. तिथे यापेक्षा मोठी फाइल मावतच नाही. 'स्प्लिट' कमांडने २ जीबीचे तुकडे करून ठेवा. अर्धवट फाइलही टाकून देऊ नका. जीझिपला डी आणि सी देऊन जे बाहेर येईल ते पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणाऱ्या | चिन्हाने) टारला द्या. तुटलेल्या जागेपर्यंतचा माल हाती लागतो. त्यातली शेवटची फाइल मात्र अपुरी धरा.

बॅकअप घेतानाच चूक झाली असेल तर पर्यायांचा क्रम बघा. सी-झेड-एफ हा क्रम योग्य; हायफन लावून सी-एफ-झेड लिहिलं की टार 'झेड' नावाची फाइल बनवतो, कारण एफच्या लगेच पुढे येईल ते त्याच्या लेखी फाइलचं नाव.

हातानं चालणारी कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सेवेत) अडते, त्याचं नेहमीचं कारण % हे चिन्ह. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, त्याचा अर्थ नवी ओळ असा होतो, म्हणून तारखेच्या फॉरमॅटमधल्या प्रत्येक % आधी बॅकस्लॅश द्या. कमांडचे पाथही पूर्ण लिहा.

ग्नू टारचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या टारचा) एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना मिळणारा आकडा, २ असला तर गंभीर चूक. १ आला तर बहुधा वाचता वाचता एखादी फाइल बदलली. लॉग फाइलपुरतं ते चालेल, डेटाबेसच्या फाइलींना अजिबात नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसचा आधी डंप (सगळ्या माहितीची एका फाइलीतली नक्कल) काढा आणि तोच टारमध्ये घाला. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये पाइप असेल तर पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर चूक दाखवणारा पर्याय) चालू करा, नाहीतर टार कोसळला तरी शेवटचा जीझिप शून्यच, म्हणजे सगळं ठीक, असं सांगतो.

वर्कशॉपला गुरुवारची सुटी असेल तर सर्व्हर मोकळा असतो. त्या दिवशी ताजा बॅकअप रिकाम्या फोल्डरात उलगडा, डंप वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये चढवा आणि बुधवारचं शेवटचं बिल त्यात दिसतंय का ते बघा.