४५ डिग्रीतली रॅलीची गाडी: रेडिएटर, पाटे आणि शॉकअप

रॅलीसाठी पहिली गाडी घेतलेला मुलगा भेटला की विचारतो, "भाऊ, इंजिनात काय काय करता येईल?" यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या मुलांना माझं उत्तर ठरलेलं आहे: इंजिनाला सध्या हात लावू नका. आधी त्याची गरमी कुठून बाहेर जाणार ते पाहा, मग चाक जमिनीवर कसं टिकणार ते पाहा. हे दोन वेगळे विषय वाटतात, पण आपल्याकडे ते एकाच जागी येऊन मिळतात. रेडिएटर इंजिनाची उष्णता हवेत टाकतो. शॉकअप खड्ड्याचा धक्का तेलात जिरवतो, त्याचीही उष्णताच होते आणि तीही शेवटी हवेतच जाते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याची हवाच ४५ डिग्री असते, तेव्हा दोघांचेही हाल होतात.

थोडा हिशोब करा. इंजिनातलं पाणी ९५ डिग्रीवर आहे आणि बाहेर २५ डिग्री आहे, तर फरक ७० चा. बाहेर ४५ असेल तर फरक ५० चा. रेडिएटर किती उष्णता फेकणार हे साधारण या फरकावर ठरतं. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तरी आपल्याकडे काम जवळपास ३० टक्क्यांनी कमी. चिकमंगळूरच्या कॉफीच्या मळ्यात मस्त धावणारी गाडी विकत आणून जशीच्या तशी उन्हाळ्यात वणीकडे पळवली, तर ती तापणारच. त्यात गाडीचा दोष नाही.

पुढचं सगळं मारुतीची जिप्सी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, पुढे-मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), खाली शिडीसारखी चेसिस. गावातला कोणताही चांगला मिस्त्री ती उघडू शकतो, हे तिचं सर्वांत मोठं भांडवल. स्विफ्ट किंवा एस्टीमवाल्यांनी कूलिंगचं सगळं घ्यावं, पाट्यांचं सोडून द्यावं.

कूलिंगची सुरुवात मोठ्या रेडिएटरपासून करू नका, टोपीपासून करा. रेडिएटरची टोपी म्हणजे नुसतं झाकण नव्हे, तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे. टोपीवर ०.९ लिहिलं असेल तर आत तेवढा जास्तीचा दाब टिकतो आणि साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८-११९ डिग्रीच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की हा दाब जातो, आणि नवा रेडिएटर टाकूनही गाडी उकळत राहते. टोपीत दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गाडी थंड होताना तो रेडिएटरशेजारच्या बाटलीतलं पाणी परत आत घेतो. सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर तो व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा. खालचा पाइप मात्र जास्त आरपीएमला आत ओढला जातो. त्यात स्प्रिंग नसेल तर पाणी नेमकं गरजेच्या वेळी अडतं.

आता पाण्याचं. हा मुद्दा आपल्या भागात जितका महत्त्वाचा तितकाच दुर्लक्षित. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथलं बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, जनावरं नाखुशीनं पितात, आणि आपण तेच कॅन भरभरून रेडिएटरमध्ये ओततो. पट्ट्याबाहेरही बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच. त्याचा थर नळ्यांमध्ये आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, पाणी-जागेत बसतो. बाहेरून रेडिएटर चकचकीत आणि आतून अर्धा बंद, अशी स्थिती होते. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. एक भाग कूलंट, दोन भाग पाणी एवढं मिश्रण आपल्याला पुरतं. निम्मं-निम्मं मिश्रण बर्फाळ प्रदेशासाठी ठीक. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल वाढवलं की मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची ताकद उलट कमी होते. मात्र कूलंट अजिबात न टाकणं हाही शहाणपणा नाही, कारण गंज रोखणारं रसायन त्यातच असतं.

मिश्रण भरताना गाडीचं तोंड चढाला लावा, हीटर पूर्ण उघडा आणि हवेचे बुडबुडे संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. आत राहिलेली हवा नंतर नेमकी हेडजवळ जाऊन बसते.

रेडिएटरच्या बाहेरच्या बाजूचे शत्रू आपलेच आहेत. दिवाळीनंतर जिनिंगच्या हंगामात हिंगणघाट-वणीच्या रस्त्यांवर सरकीचा तुस्सा उडत असतो. वाळल्या गवतातून गाडी काढली की कुसळं फिन्समध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये, घुसतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा बसतो आणि वाळला की सिमेंट होतो. पुढे बारीक जाळी लावा आणि रोज काढून झटका. धुताना पाणी मागच्या बाजूनं, म्हणजे इंजिनाकडून पुढे मारा, तेही साध्या पाइपनं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं फिन्स लोळतात.

रेडिएटरच बदलायचा असेल तर ॲल्युमिनियमचा घ्यावा की पितळ-तांब्याचा? वजनाला ॲल्युमिनियम हलका, दिसायलाही रुबाबदार. मी तरी पितळ-तांब्याचाच ठेवा म्हणेन. दगड लागून गळती झाली तर ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या कोणत्याही गावात भेटतो. तो डाग देऊन तासाभरात गाडी मोकळी करतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर तिथे निकामी.

त्याहून जास्त फायदा फुकटात होतो. हवा आळशी असते, सोपी वाट मिळाली की रेडिएटरच्या बाजूनं निघून जाते. ग्रिल आणि रेडिएटरमधल्या फटी पत्रा किंवा फोमनं बंद करा. पंख्याभोवतीचं कवच कोणी काढून फेकलं असेल तर ते परत बसवा. वेग ५०-६० च्या वर असेल तर वाऱ्यावर भागतं, पण दगडाळ चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावत असतं आणि वारा नसतो. तिथे पंखा आणि कवच हेच सगळं. इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याला रिले लावा आणि डॅशबोर्डवर एक डायरेक्ट स्विच द्या. हा स्विच रपट्यावरून पाणी वाहत असताना उलट्या कामाला येतो. पाण्यात शिरण्याआधी पंखा बंद करा, नाहीतर पाण्याच्या मारानं पाती वाकून रेडिएटरच फाडतात. पट्ट्यावरचा पंखा असेल तर ग्रिलवर ताडपत्री बांधून पाण्यात उतरा आणि बाहेर येताच ती सोडा.

बॉनेटची मागची कड वर उचलून ठेवायची फॅशन आहे. उभ्या गाडीत गरम हवा तिथून निघते, हे खरं. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा उलट आत येऊ शकते. छिद्रंच पाडायची तर बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे पाडा. खालचा सम्प गार्डही असाच दुधारी. दगडांपासून इंजिन वाचवतो आणि गरम हवेची वाट अडवतो. त्याला मागच्या बाजूला तिरक्या खाचा द्या.

थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर, मात्र वाद होतो. "अजी, काढून फेका ना ते, काय्ले ठेवता? पाणी मोकळं फिरन," असं आमच्याकडचे निम्मे मिस्त्री सांगतात. ट्रॅक्टरवर त्यांचं निभावून जातं. एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबानं पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनात थर्मोस्टॅट काढला की सकाळच्या गार हवेत पाणी तापतच नाही, कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल टाकतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. चांगला थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ डिग्रीला उघडायला लागतो आणि थोड्याच वेळात पूर्ण उघडतो. त्यानंतर त्याचा अडथळा नगण्य असतो. गाडी ११० ला जात असेल तर दोष दुसरीकडे शोधा. शंका असेल तर थर्मोस्टॅट भांड्यात पाण्यासोबत तापवून उघडताना पाहा. घरचं दुधाचं भांडं घेऊ नका, आई बोलेल.

कंपनीच्या काट्यावर विसंबू नका. आकडा दाखवणारा मीटर लावा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो, हेही लक्षात ठेवा. पाइप फुटून पाणी गेलं की तोच सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालकाला वाटतं, गाडी थंड झाली. म्हणून हेडच्या धातूला चिकटवलेला दुसरा सेन्सर किंवा पाणी कमी झाल्याचा दिवा, यातलं एक तरी हवंच. स्टेजमध्ये, म्हणजे रॅलीत वेळ लावून पळायच्या टप्प्यात, आकडा चढायला लागला तर हीटर पूर्ण उघडा. तुम्ही भाजाल, इंजिन वाचेल.

आता पाटे. इथे नव्या मुलांना पहिला सल्ला मिळतो तो एक पाटा वाढवण्याचा. वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या रस्त्यावर कमानपाट्याची एकाहून एक कारागिरांची दुकानं आहेत. पण त्यांचं रोजचं गिऱ्हाईक ट्रक आहे आणि ट्रकला भार पेलायचा असतो. आपल्याला चाक खड्ड्यात उतरायला हवं आणि दगडावर चढायला हवं. हजार किलोच्या आसपासची गाडी कडक पाट्यांवर ठेवली की मुरमाच्या पन्हाळी पडलेल्या रस्त्यावर चाकं अर्धा वेळ हवेत असतात. हवेतल्या चाकाला ब्रेकही नसतो आणि स्टिअरिंगही नसतं.

आपले पाटे किती कडक आहेत हे घरी मोजता येतं. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या ठेवा, गाडी दोन-तीनदा हलवून सोडा आणि चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आधी-नंतर मोजा. समजा २५ मिलिमीटर फरक आला, तर दोन्ही बाजू मिळून ताकद मिलिमीटरला ४ किलो. त्या ॲक्सलवर वरचं वजन ४०० किलो असेल तर पाटे १०० मिलिमीटर दबलेले आहेत. १५.८ हा ठरलेला आकडा, त्याला या दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळानं भागा. उत्तर येतं सेकंदाला साधारण १.६ झोके. खडबडीत रस्त्याच्या हौशी गाडीला मी दीड ते पावणेदोनच्या दरम्यान ठेवतो. पाटा वाढवून ताकद ६ किलोवर गेली की हाच आकडा १.९ च्या पुढे जातो आणि गाडी उड्या मारू लागते. गाडी उचलायचीच असेल तर पाटे न वाढवता त्यांची कमान पुन्हा बसवून घ्या. पाट्यांची टोकं घासून गोल करा आणि मध्ये नायलॉनच्या पट्ट्या टाका, म्हणजे ते एकमेकांवर अडत नाहीत. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) टाकून पुढची बाजू उचलू नका, कास्टर (पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) बदलतो आणि स्टिअरिंग भिरभिरतं. शिवाय जिप्सी अरुंद आहे, उंच केली की वळणावर पलटायला बघते.

पैसे खर्च करायची खरी जागा शॉकअप. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकाच घरात राहतात. सतत मार बसला की तेलाला फेस येतो आणि फेसाला अडवायची ताकद नसते. दुपारी दोनच्या उन्हात, लांब स्टेजच्या शेवटी गाडी होडीसारखी डुलायला लागते ती यामुळे. नायट्रोजन भरलेल्या एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये गॅस वेगळा असतो आणि तेलाची नळी थेट हवेला लागून असते, म्हणून तो थंड लवकर होतो. त्याची नळी मात्र दगडानं चेपली की काम संपलं, तेव्हा पुढे रबरी पट्टा किंवा पत्र्याची ढाल हवी. बजेट नसेल तर साध्यातलाच जाड नळीचा, जास्त तेलाचा घ्या. चाकाला दोन-दोन शॉकअप लावायचे असतील तर दोन्ही मऊ हवेत.

शॉकअप कोणताही असो, बसवताना एक तपासणी चुकवू नका. मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा आणि जॅकनं ॲक्सल वर ढकला, बम्प स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) पूर्ण दबेपर्यंत. तेव्हाही शॉकअपची १०-१५ मिलिमीटर चाल शिल्लक राहिली पाहिजे. नाहीतर धक्का स्टॉपऐवजी शॉकअप खातो आणि चेसिसवरचा ब्रॅकेट तुटतो. खाली लटकताना ताण शॉकअपवर येऊ नये म्हणून नायलॉनचा जाड पट्टा बांधा. सरावाआधी शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधून ठेवा. परत आल्यावर ती जिथे सरकलेली दिसेल तिथपर्यंत चाल वापरली गेली. प्रत्येक फेरीत टोकाला पोहोचत असेल तर शॉकअप मऊ आहे, कधीच पोहोचत नसेल तर तुम्ही कडक गाडी उगाच सहन करताय.

फेरी संपली की इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही शॉकअप बघा. जो गरम, तो काम करतोय. जोडीतला एक थंड असेल तर तो मेलेला आहे, बाहेरून कितीही कोरडा दिसो.

टायरमधली हवा सकाळी भरून विसरू नका. दर साडेपाच डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी २२ डिग्रीत भरलेली हवा दुपारी ४४ ला चार पीएसआय वर असते, आणि धावल्यामुळे वाढते ती वेगळी.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न मेळघाट-ताडोब्याजवळच्या मुलांना विशेष पडतो. जंगलाच्या वाटा डोक्यातून काढा, तिथे गुन्हाच दाखल होईल. कापूस वेचून पऱ्हाट्या काढलेलं स्वतःचं किंवा नात्यातलं शेत, मालकाच्या होकारानं, एवढं पुरतं. मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी झाली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तेव्हा रस्त्यावरची गाडी आणि रॅलीची गाडी यातला फरक आरटीओत आधीच विचारून घ्या. स्पर्धेसाठी एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा परवाना लागतो. सुरुवात टीएसडीनं (टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीनं) करा. त्यात वेगापेक्षा वेळ पाळण्याला गुण असतात आणि गाडी तुटत नाही. तेही परवडत नसेल तर एखाद्या संघात सर्व्हिसच्या माणसांत जा. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्या पोराला तिथे कोणी नाही म्हणत नाही.

मेच्या दुपारी दोन ते चार गाडी त्या शेतात न थांबता चालवा आणि दर दहा मिनिटांनी पाण्याचा आकडा वहीत लिहा. आकडा ११० च्या खाली एका जागी स्थिरावला, तर कूलिंग पुरेसं आहे आणि फक्त टोपीच्या दाबाशी ताडून बघायचं आहे. दर दहा मिनिटांनी एकेक डिग्री चढतच राहिला, तर फटी, कवच, फिन्स या क्रमानं पुन्हा तपासा. दोन बदल एकाच दिवशी करू नका. कशानं फरक पडला ते वही सांगू शकणार नाही.