वीज गेली की रास्पबेरी पायचं घड्याळ मागे

ऐरोलीत पावसाळ्यात वीज गेली-आली की माझ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचं घड्याळ मागे पडायचं आणि टाकीच्या पातळीच्या नोंदी भलत्याच वेळेच्या व्हायच्या. या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. शेवटची जपलेली वेळ धरून तो उठतो, इंटरनेट मिळालं की मग सुधारतो. आणि राउटर उठणार निवांत!

डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल पायच्या आय-टू-सी पिनांवर (दोन तारांवर माहिती पाठवायची सोय) ३.३ व्होल्टला जोडलं, कॉन्फिग फाइलमध्ये ते ओळखायला सांगणारी ओव्हरले ओळ घातली, शेवटची वेळ जपणारा फेक-एचडब्ल्यूक्लॉक प्रोग्राम काढून टाकला. झालं.

मात्र जपून: स्वस्त मॉड्यूलवर बहुधा चार्जिंगचं सर्किट असतं. ५ व्होल्ट देऊन साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ बटण-सेल बसवलात तर तो फुगू शकतो. मी त्या चार्जिंग सर्किटमधला रेझिस्टरच काढला.

आता राउटर बंद असला तरी नोंदींची वेळ बरोबर येते.