पूर्व पिरेनीजचा नकाशा कसा वाचावा

सीमाभागात वाढलेल्या माणसाने नकाशा उघडला की त्याचे बोट आधी सीमारेषेवर जाते. स्पेनला लागून असलेला फ्रान्सचा पूर्व पिरेनीज हा जिल्हा, म्हणजे तिकडचा ‘देपार्तमाँ’, अभ्यासायचा असेल तर मात्र ही सवय थोडी बाजूला ठेवावी, निळी पेन्सिल घ्यावी आणि प्रथम नद्या गिरवाव्यात. आग्ली, तेत आणि तेक या तिन्ही नद्या पूर्वेला जाऊन भूमध्य समुद्राला मिळतात. परंतु पश्चिमेकडील सर्दान्य पठारावर ला पेर्श खिंड ओलांडली की पाण्याची दिशा बदलते आणि सेग्र नदी स्पेनमध्ये उतरते. खानापूर तालुक्यातून मलप्रभा पूर्वेला आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही खिंड समजावून सांगावी लागत नाही.

आता लाल पेन्सिलने सीमा काढावी. फ्रान्स आणि स्पेन यांच्यातील १६५९ च्या तहाने पिरेनीज डोंगराचा कणा ही सीमा मानली खरी, पण सर्दान्यमध्ये ती कण्यावरून न जाता गावे मोजून ठरली. १६६० मध्ये तेथील ३३ खेडी फ्रान्सला मिळाली. तेथीलच ल्यिव्या या गावाला नगराचा दर्जा असल्यामुळे ते खेड्यांत धरले गेले नाही आणि स्पेनकडेच राहिले. आजही त्याच्या चारही बाजूंना फ्रान्सची जमीन आहे. लहान प्रमाणाच्या नकाशात ते दिसतच नाही, म्हणून त्याभोवती वर्तुळ करून ठेवावे. कॅटलान भाषा रेषेच्या दोन्ही अंगांना आहे, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको.

कारभार समजून घेताना नेमलेले आणि निवडलेले असे दोन रकाने करावेत. मुख्य शहर पेर्पिन्याँ येथील प्रीफेक्ट, म्हणजे सरकारचा जिल्ह्यातील प्रतिनिधी, सरकार नेमते, तर सेरे आणि प्राद येथील उपप्रीफेक्ट साधारण आपल्या प्रांताधिकाऱ्यांसारखे असतात. देपार्तमाँची परिषद निवडून येते. तिची तुलना जिल्हा पंचायतीशी करता येईल. ‘काँताँ’ला तालुका समजण्याची चूक सर्रास होते, पण आज तो केवळ मतदारसंघ असून तेथे तहसीलदार नसतो. खाली थेट कोम्यून, म्हणजे गावाची किंवा शहराची स्थानिक संस्था, येते, मग ते पेर्पिन्याँ असो वा डोंगरातले चिमुकले गाव.

नकाशा जमला की नाही हे पाहायला सर्दान्यमधील एका कुटुंबाची कामे त्यावर शोधावीत: जन्माची नोंद कोम्यूनच्या मेयरकडे, उपप्रीफेक्टचे कार्यालय प्रादला, आणि दोन्ही देशांच्या रुग्णांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेले रुग्णालय सीमेपलीकडे, स्पेनमधील पुइगसेर्दा येथे.