पावसाळ्यापासून पेडर रोडपर्यंत: पायांची तयारी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. बहुतेकांचा सराव जुलैत सुरू होतो, म्हणजे ऐन पावसात, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवर. आठवड्याला किती किलोमीटर, याचा तक्ता सगळ्यांकडे असतो. पायांचा कुणाकडे नसतो, म्हणून तो इथे महिन्यांच्या क्रमाने.

पहिलं काम बुटांचं. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि लांब पल्ल्यावरही तसाच फुगणार असतो. धावताना घालता तेच मोजे सोबत न्या. दोन्ही पाय उभं राहून मोजा आणि मोठ्या पायाचा नंबर धरा. सगळ्यांत लांब बोट (बऱ्याच जणांचं ते अंगठा नसून शेजारचं असतं) आणि बुटाचं टोक यांत हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, साधारण १ सेंटिमीटर. टाच आत सरकते म्हणून नंबर कमी करू नका, लेस बदला. सगळ्यांत वरचं जे भोक आपण रिकामं सोडतो, त्यात लेस त्याच बाजूने घालून छोटा फासा ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली, टाचेच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवडा मोकळा राहतो. बुटाच्या जिभेच्या आत पेनाने पहिल्या धावेची तारीख लिहून ठेवा. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर वरून नवा दिसणारा बूटही आतून दबलेला असतो. टेबलावर ठेवून मागून बघा: टाच एका बाजूला कललेली दिसली की तो जोड फक्त बाजारहाटासाठी.

पावसाळ्यात दोन जोड लागतातच. भिजलेला बूट मुंबईच्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही. आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलेल्या बुटाचा गोंद सुटतो. मोजे निव्वळ सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी घासली की फोड येतो.

आता चिखल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलू लागली की ती बुरशीच असण्याची शक्यता जास्त. घरी आल्यावर प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने पुसा. क्लोट्रिमॅझोलचं मलम लावत असाल तर कातडी स्वच्छ दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. औषधाच्या दुकानात ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूबवरची नावं वाचल्याशिवाय घेऊ नका.

तुंबलेल्या पाण्यातून धावू नका. पायाला जखम असेल तर त्या पाण्यातून लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) होऊ शकतो. चालावं लागलंच तर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही, हे तेच ठरवतील.

काँक्रीटला लोक जितकी नावं ठेवतात तितका त्याचा दोष नाही. एका आठवड्यात १० किलोमीटरचे एकदम १८ केले, तर मैदानावरही हाड दुखावेल. रस्त्याचा उतार मात्र खरा त्रास देतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला कललेला असतो, आणि रोज एकाच कडेने धावलं की एक पाय सतत आत वळलेला, दुसरा बाहेर. वाहतुकीत बाजू बदलणं धोक्याचं, म्हणून लांबच्या धावेसाठी मरीन ड्राइव्हसारखा सपाट पदपथ निवडा.

ऑगस्टपासून एक दिवसाआड जिन्याच्या पायरीवर हा व्यायाम करा. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली, टाच पायरीबाहेर, एका पायावर उभे. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. असे १२ वेळा. जमू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरा. तळव्याचा पट्टा (टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा) आणि टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) दोन्ही यानेच घट्ट होतात. घोट्यासाठी दात घासताना एका पायावर ३० सेकंद उभं राहिलं तरी पुरतं. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळतो तेव्हा हाच तोल कामी येतो.

दुखणं कुठलं, हे बोटानेच कळतं. सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या पावलाला टाचेखाली कळ आणि दहा-वीस पावलांत कमी, तर तळव्याचा पट्टा. उठण्याआधीच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरा, १० वेळा. हाच ताण दिवसातून तीनदा. पण चवड्याच्या वरच्या बाजूला एका बोटाच्या टोकाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी ठणका लागत असेल आणि धावताना तो वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्याच दिवशी धावणं थांबवा. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ म्हणून पुन्हा पळू नका. दुखणं पावलाच्या उंचवट्यावर किंवा करंगळीकडच्या लांब हाडाच्या मुळाशी असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. ती हाडं उशिरा आणि कुरकुरत जुळतात. खाणं कमी आणि पाळी चुकत असलेल्या मुलींनी हे दुखणं अजिबात अंगावर काढू नये.

पोट बिघडलं म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन घेत असाल तर डॉक्टरांना धावण्याबद्दल सांगा. या गटातली औषधं टाचेमागची शीर दुखावू शकतात, क्वचित तोडूही शकतात.

मुरगळलेल्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे आधी, शेकणं-चोळणं नंतर. खरं तर पहिले दोन दिवस चोळायचंच नाही.

शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. कुरूप किंवा घट्टे खरवडून कोवळी कातडी उघडी पाडू नका. बिब (छातीवरचा शर्यतीचा नंबर) घ्यायला गेल्यावर स्टॉलवरचे नवे बूट आवडले तर जरूर घ्या, रविवारी मात्र जुनेच घाला. पहाटे बोटांच्या मध्ये आणि टाचेला पेट्रोलियम जेली, कमरेच्या पट्ट्यात चिकटपट्टीचे दोन तुकडे. वाटेत डोक्यावर पाणी ओतताना पुढे वाका, नाहीतर ते पोटरीवरून मोज्यातच उतरतं. पायाला कुठे घासून चटका लागला की तिथेच थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर उशीर झालेला असतो. पेडर रोड चढताना सगळे पोटऱ्यांची चिंता करतात. नखं काळी होतात ती त्यानंतरच्या चौपाटीकडच्या उतारावर, बोटं पुढे आपटून. फाशाची लेस त्यासाठीच.

घरी आल्यावर छोटा फोड तसाच ठेवा. मोठा आणि दुखरा असेल तर पाय धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी काढू नका, जेली लावून पट्टी बांधा. मधुमेह असणाऱ्यांनी हे घरी करू नये. काळं नख ठसठसत असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला भोक पाडून रक्त काढतात. ठसठसत नसेल तर त्याला हात लावू नका. अंगठ्याचं नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात, तेव्हा पुढच्या जुलैत बूट घेताना ते अर्धंच आलेलं असेल हे धरूनच पुढची जागा मोजा.