ग्रामसभेत राज्यघटनेचा विषय काढण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात ग्रामसभा म्हणजे रविवारची सकाळ. खुर्च्या कमी, आवाज जास्त. मागच्या सभेत एक काका गटाराच्या विषयावर उठले नि म्हणाले, "आमदारांनाच बोलवा, सरकार तेच ना!" टाळ्या पडल्या. गटार तुंबलेलेच आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. आमदार कायदे करणाऱ्या सभागृहात बसतो. कामे करतात ती खाती आणि पंचायत. आमदाराला निवेदन जरूर द्या, पण मूळ अर्ज ज्याचे काम त्याच्याच नावे करा. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. "शिपायाकडे ठेवून आलो" ही पोच नव्हे. महिना उलटूनही हालचाल नसेल, तर त्या नंबरचे पुढे काय झाले ते माहिती अधिकारात विचारा; ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

अर्थात गोव्यात ही गल्लत व्हायला कारण आहे. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठे नको, असे २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ठरवले. आपले आमदार ४०, म्हणजे मंत्री ६ झाले असते. पण लहान राज्यांतही मुख्यमंत्री धरून १२पेक्षा कमी नकोत, अशी पुस्ती त्याच कलमात आहे. जाब विचारायच्या सभागृहातले इतकेजण स्वतःच सरकार झाले, तर काकांना तरी काय दोष द्यायचा?

दुसरी चूक म्हणजे ओरडण्याला ठराव समजणे. शब्द लिहून न्या, सूचक-अनुमोदक ठरवा आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना कान उघडे ठेवा. ग्रामसभेला घटनेच्या २४३अ कलमात जागा आहे. अधिकार किती, ते मात्र १९९४चा गोवा पंचायत राज कायदा सांगतो.

'आपला समान नागरी कायदा घटनेने दिला' हा मेसेजही पुढे ढकलू नका. तो मुळात १८६७च्या पोर्तुगीज संहितेतला, मुक्तीनंतर १९६२च्या केंद्रीय कायद्याने चालू राहिलेला.

राहिले पक्षांतर. त्यासाठी राज्यपालांना पत्रे लिहून उपयोग नाही. आमदाराच्या अपात्रतेचा अर्ज सभापतींपुढे जातो. २०१९मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२मध्ये ११ पैकी ८. दोन्हीकडे दोन तृतीयांश भरतात, आणि घटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या परिशिष्टातली अपात्रता टाळणारी विलीनीकरणाची वाट तेवढ्यांनाच उघडते.