आयात फळांची कीड-तपासणी: या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

कृषी कीटकशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी आयात फळांच्या कीड-तपासणीच्या नोकरीविषयी विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा भरतीचा असतो. वनस्पती संरक्षण, संगरोध (क्वारंटाइन) व साठवण संचालनालय फरीदाबादला आहे, त्यातील अधिकारीपदांच्या जाहिराती केंद्रीय लोकसेवा आयोगाकडून निघतात आणि हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेतील प्रशिक्षण पुढे उपयोगी पडते. मात्र न्हावा शेवा बंदरावर रीफर म्हणजे शीत कंटेनरसमोर उभे राहिल्यावर जे लागते, त्याची तयारी वेगळी असते आणि ती आजपासूनच करता येते.

कंटेनरचे दार उघडण्यापूर्वी कागद वाचावेत. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र, या दोन्हींची पडताळणी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे होते. कोणत्या देशातून कोणते फळ कोणत्या अटीवर येऊ शकते, हे या आदेशाच्या परिशिष्टांत दिलेले असते. सर्टिफिकेटवरील अतिरिक्त घोषणा हा केवळ सोपस्कार समजू नये. माल अमुक किडीपासून मुक्त आहे किंवा त्यावर शीतप्रक्रिया झाली आहे, असे तिथे लिहिलेले असेल, तर आपण नेमके काय शोधायचे तेच ती घोषणा सांगत असते.

नमुन्याची खोकी स्वतः निवडावीत, असा माझा आग्रह आहे. दाराजवळची खोकी काढून देणे मजुरांना सोयीचे असते, पण आतल्या आणि तळाच्या थरांतील खोकी उघडल्याखेरीज मालाचा खरा अंदाज येत नाही. सफरचंदाच्या देठाचा खळगा आणि त्याच्या विरुद्ध टोकाची पाकळ्यांची खाच भिंगाखाली पाहावी, कारण पिठ्या ढेकूण तिथेच दडतात. सॅन होजे खवले कीड सालीवर बारीक करड्या ठिपक्यांसारखी दिसते आणि घाईत ती सालीचाच डाग वाटते. द्राक्षांचे घोस पांढऱ्या कागदावर झटकले की फुलकिडे व कोळी दिसू लागतात. संत्र्यावर मऊ पडलेली जागा किंवा टोचल्याची खूण असेल, तर ते फळ कापलेच पाहिजे. खोक्यातील पाने, काड्या आणि माती यांकडेही तितकेच लक्ष द्यावे. लाकडी पॅलेटवर प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे ना, तेही पाहावे. उष्णताप्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते.

कीड सापडली म्हणजे निर्णय झाला असे नाही. ती जिवंत आहे का, कोणत्या प्रजातीची आहे आणि आपल्या देशात आधीपासून आहे का, हे ठरल्यावरच धुरीकरण, माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे यांतला मार्ग निवडता येतो. फळमाशीच्या अळीवरून प्रजाती सांगणे अवघड असते, म्हणून पुष्कळदा ती प्रौढ होईपर्यंत वाढवावी लागते. दरम्यान कंटेनरचे भाडे आणि विजेचा खर्च चढत असतो, आणि क्लिअरिंग एजंट दिवसातून अनेकदा विचारणा करतो. त्याची अडचण खरी असते, त्याच्याशी सौजन्यानेच बोलावे, पण ओळख पक्की होण्याआधी माल सोडू नये.

हा आग्रह कशासाठी, हे पपईच्या पिठ्या ढेकणाने दाखवून दिले आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील ही कीड २००८ मध्ये कोइमतूरजवळ आढळली, पुढे महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत पोहोचली, आणि तिला आवरण्यासाठी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून परोपजीवी कीटक आणावे लागले. याची दुसरी बाजू कोकणातील बागायतदारांना चांगली ठाऊक आहे: फळमाशीमुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. कीड बाहेरून येऊ न देण्याचा आपला अधिकार आणि आपला माल कीडमुक्त पाठवण्याची आपली जबाबदारी एकाच नियमावलीतून येतात.

आज विद्यार्थी असाल, तर किडलेले पेरू आणि आंबे बरणीत जाळी लावून ठेवा आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला शिका. आपल्याकडच्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसचे पंख पुढच्या कडेची काळसर पट्टी आणि मागची एक रेघ सोडल्यास स्वच्छ असतात, तर भूमध्य फळमाशीच्या पंखांवर पिवळसर तपकिरी पट्टे आणि बुडाशी काळे ठिपके असतात. हा फरक नजरेत इतका मुरलेला असावा, की प्रयोगशाळेत पुस्तक उघडावे लागेल ते केवळ खात्रीसाठी.