सी कोडचं इंडेक्सिंग: या चुका टाळा

'टॅगवर (म्हणजे एखाद्या नावाच्या व्याख्येवर) उडी मारली की भलतीच फाइल उघडते' ही तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंडेक्स (कुठलं नाव कुठल्या फाइलीत आहे याची यादी) कशाकशाचं केलंय? उत्तरही ठरलेलंच. 'सगळ्याचं!'

प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये जाऊन 'सीटॅग्ज -आर' (टॅग बनवणारं सीटॅग्ज आतल्या सगळ्या फोल्डरांसकट चालवायचा आदेश) ठोकून द्यायचं, ही नवख्यांची लाडकी चूक. लिनक्स कर्नेलमध्ये 'सेटअप_आर्च' हे फंक्शन प्रत्येक आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या) फोल्डरात वेगळं लिहिलेलं आहे. तुम्हाला त्यातलं कुठलं हवंय, हे बिचाऱ्या सीटॅग्जला कसं कळणार?

एका टीममधला मुलगा ड्रायव्हरमधला बग काढत होता. कोड बदलला, बिल्ड केला, बोर्डवर चढवला, फरक शून्य. आधी कॅशवर संशय, मग बूटलोडरवर, शेवटी चक्क कंपायलरवर. मी त्याला त्या फाइलच्या पहिल्या ओळीत '#एरर' (कंपायलरला मुद्दाम अडवणारी ओळ) लिहायला लावलं. बिल्ड बिनतक्रार पार पडला! टॅगने त्याला 'ओल्ड' नावाच्या फोल्डरातल्या प्रतीत नेऊन सोडलं होतं आणि मेकफाइलला (कुठल्या फाइली बिल्ड करायच्या ते सांगणाऱ्या फाइलीला) त्या प्रतीचा पत्ताही नव्हता. फोल्डरचं नाव एकदा वाचलं असतं तरी पुरे होतं, पण उडी मारायची घाई झालेला माणूस कुठे पोचलो ते बघत नाही.

मी आधी 'फाइंड' वापरून बिल्डमध्ये जाणाऱ्या फाइलींची यादी 'सीस्कोप.फाइल्स'मध्ये काढतो. मग सीस्कोपला (सी कोडात शोधाशोध करणाऱ्या साधनाला) -बी (फक्त इंडेक्स बनव), -क्यू (शोध जलद कर) आणि -के देतो. यातला -के विसरू नका, नाहीतर तुमच्या मशीनच्या यूएसआर-इन्क्लूडमधल्या हेडर फाइली आत घुसतात आणि क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल) करत असाल तर त्या साफ चुकीच्या असतात. हीच यादी -एल देऊन सीटॅग्जला. कर्नेलवाल्यांना एवढीही खटपट नको: बिल्ड झाल्यावर 'मेक टॅग्ज' किंवा 'मेक सीस्कोप'ला 'कंपाइल्ड_सोर्स=१' दिलं की फक्त कंपाइल झालेल्या फाइलींचं इंडेक्स बनतं.

दुसरी चूक क्लँगडीवाल्यांची (क्लँगडी म्हणजे एडिटरला कोड समजावून देणारा प्रोग्राम). हेडर सापडत नाही, सगळीकडे लाल रेघा, आणि म्हणे क्लँगडी भिकार आहे. अरे, 'कंपाइल_कमांड्स.जेसन' (कुठली फाइल कुठल्या आदेशाने कंपाइल होते याची नोंद) कुठाय? ती नसेल तर इन्क्लूडचे मार्ग आणि मॅक्रो त्याला कुठून कळावेत? बेअर (बिल्ड चालू असताना कंपायलरचे आदेश टिपणारं साधन) वापरून ती बनवणारेही अर्ध्या बिल्डवरच 'मेक' चालवतात. आधीच कंपाइल झालेल्या फाइलींना मेक हात लावत नाही, त्यामुळे बेअरच्या नोंदीत त्या येतच नाहीत. म्हणून आधी 'मेक क्लीन', मग बेअर. वेळ लागतो, लागू द्या. दुसऱ्याच्या मशीनवरून ती फाइल कॉपी करून आणण्याचा शॉर्टकटही नको; आतले पत्ते त्याच्या मशीनचे असतात.

बाकीच्या किरकोळ. ब्रँच बदलली की इंडेक्स पुन्हा बनवा. टॅग्ज आणि सीस्कोपच्या फाइली गिटमध्ये टाकू नका. विम एडिटरमध्ये नुसत्या कंट्रोल-चौकटी कंसाऐवजी आधी 'जी' दाबायची सवय लावा, एकाच नावाच्या अनेक व्याख्या असतील तर यादी समोर येते. मॅक्रोतून जन्मलेलं फंक्शन सापडलं नाही तर रडू नका, सीस्कोप प्रीप्रोसेसर चालवत नाही. सरळ ग्रेप करा (फाइलींमध्ये मजकूर शोधा). आणि होम फोल्डरातली जुनी '.सीटॅग्ज' फाइल युनिव्हर्सल सीटॅग्ज (सीटॅग्जचा हल्लीचा अवतार) वाचत नाही, तिच्यातले पर्याय '.सीटॅग्ज.डी' फोल्डरात हलवा.